शहापूरला जॉइन व्हायच्या आधी

प्रिय,

काल तुझ्या आईने तुझी नेमणुकीची ऑर्डर व्हॉट्सॲपवर पाठवली, कळव्यात सगळ्या बिल्डिंगला कळलंय आता. ग्रामपंचायत अधिकारी, शहापूर तालुका. आमच्या वेळी ग्रामसेवक म्हणायचे, २०२४ ला नाव बदललं, पण गावात तू ग्रामसेवक मॅडमच राहणार बघ.

तू विचारलंस गावची लोकसंख्या कुठे मिळते. मिळते गं, २०११ च्या जनगणनेत आहे. पण ते पुस्तक उघडशील तेव्हा आधी बघ, त्यातला ठाणे जिल्हा अजून अखंड आहे, जव्हार मोखाडा वसई सगळं धरून १ कोटी १० लाख, तेव्हा देशात सगळ्यात जास्त. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्या अखंड जिल्ह्यात ७७ टक्के लोक शहरात राहणारे, म्हणजे जिल्ह्याची सरासरी ही ठाण्यातल्या घोडबंदरच्या टॉवरची सरासरी, तिच्यावरून शहापूरच्या पाड्याचं काही कळत नाही. रिपोर्टला लावू नको.

आता गावाचा आकडा. जनगणना मोजते महसुली गाव. तुझी असेल बहुतेक गट ग्रामपंचायत, म्हणजे दोन-तीन महसुली गावं आणि त्यांचे सात-आठ पाडे, आणि पाड्याचं नाव त्या यादीत नसतंच, आकडा गावात मिसळलेला. त्यात मोजणी झाली फेब्रुवारी २०११ मध्ये. दिवाळी झाली की कातकरी, ठाकूर, वारली घरं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं कोंबड्यांसकट, आणि येतात पावसाच्या तोंडावर. मोजणीचे सगळे दिवस जो भट्टीवर होता तो भट्टीवरच मोजायचा असा नियम. मग पाड्यात राहिलं कोण, म्हातारी माणसं. आणि वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर, सदस्यही लोकसंख्येवरच, १५०० पर्यंत ७, त्याच्यावर ३००० पर्यंत ९, म्हणजे माणूस भट्टीवर आणि त्याच्या वाटचा पैसाही गावाला नाही.

मी स्वतः फसलोय. नवीन असताना फेब्रुवारीत एका पाड्यावर कुटुंबांची यादी करायला गेलो, अर्ध्याहून जास्त दारं बंद, मी आपला लिहून टाकलं 'गैरहजर', साहेबांनी वाचलं 'घर बंद', आणि घरकुलाच्या यादीतून ती नावं गेली. पुढे श्रावणात गेलो तर प्रत्येक घरात चूल पेटलेली. एक बाई मला म्हणाली, तुम्ही आला तवा आम्ही विटा थापत होतो ना, मग कुठं गेलो असं कसं लिवलं. काही उत्तर नव्हतं माझ्याकडे.

म्हणून तू लावणी उरकल्यावर फिर, गाडीवरून नाही, चालत. अंगणवाडी सेविकेचं रजिस्टर, आशाताईची वही आणि मतदार यादी, तिन्ही शेजारी ठेव. जुळणार नाहीत. जिथे जुळत नाही त्या घरात जा. भट्टीवर गेलेल्यांची वेगळी वही कर, कुठल्या भट्टीवर, पोरं किती, कधी येणार. २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच आहे, तेव्हा ती वही लागेल.

अजून एक, यात सगळे नवीन लोक अडकतात. आठ-अ आणि नमुना आठ एक नाही. आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, चालू दे). नमुना आठ घरपट्टीचा, तो तुझा. लोक आठचा उतारा द्या म्हणतील, कर्जाला पाहिजे का घराला ते विचार, उगाच शहापूरला हेलपाटा घालायला लावू नको, त्यांचा रोज बुडतो.

शहापूर पूर्ण तालुका पेसाखाली आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्या मतदारांनी ठराव केला तर पाडा स्वतःचं गाव जाहीर करायला प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) जाऊ शकतो. हे सरपंच आपणहून सांगेलच असं नाही, बहुतेक नाहीच. तू ग्रामसभेत वाचून दाखव. ग्रामसभाही कागदावर उरकू नको, भांडणं होतील, होऊ दे.

पाण्याचं तर काय बोलू, भातसा तानसा त्याच तालुक्यात आणि मे महिन्यात टँकरही तिथेच. तुला शिव्या पडतील, ऐकून घे.

कसारा लोकल पकड, आसनगावला उतर, पुढे शेअर जीप. सकाळची चुकवू नको. रविवारी घरी ये, माझी जुनी पाड्यांची वही देतो, कोपरे उंदरांनी खाल्लेत पण नावं वाचता येतात.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा काका