निळ्या टाइल्स नंतर, आधी खड्डा

प्रश्न : ताई, कर्जतजवळ आमचा अकरा गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे. पूर्वी तिथे भातशेती होती. छोटं घर बांधलंय, शनिवार-रविवार जातो. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. आता मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधायचाय. माप २४ बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला सहा. सावली मिळावी म्हणून जागा आंब्याखालची धरली आहे. ठेकेदार म्हणतो, पंचेचाळीस दिवसांत करून देतो, मेच्या सुट्टीआधी पोरं पाण्यात. आमचं काही राहून जातंय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पत्रात टाइल्सचा रंग, दिवे, धबधबा यांचं काहीच विचारलं नाहीत, याबद्दल आधी शाबासकी. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांची सुरुवात तिथूनच होते. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र तुम्ही जाता जाता लिहून गेलात : भातशेती. बापजाद्यांनी त्या तुकड्यात भात लावला, कारण तिथे पाणी धरून राहतं. वर चार फूट मुरूम टाकून प्लॉट उचलला, तरी खालची जमीन आपला स्वभाव सोडत नाही. ऑगस्टमध्ये तुमच्या अंगणाखाली किती फुटांवर पाणी उभं असतं, हे तुम्हाला माहीत आहे का? ठेकेदाराला तरी?

भरलेल्या पूलला या पाण्याचं काही वाटत नाही. रिकाम्या पूलला वाटतं. बादलीभर पाण्यात रिकामं पातेलं दाबून बघा, हात काढताच वर येतं. तुमच्या मापाचा, आठ इंची भिंती आणि आठ इंची तळ असलेला आरसीसी हौद तीसेक टनांचा भरेल. ऐकायला भक्कम वाटतं. पण तळाच्या वर भूजल एक फूट चढलं की ते या हौदाला खालून साधारण साडेनऊ टनांनी वर ढकलतं. तीन फूट चढलं की हिशेब बरोबरीत, आणि त्याच्या वर गेलं की हौद जागचा हलतो. खोपोलीच्या बाजूला एका बंगल्यात मी हे पाहिलंय. ऐन जुलैत पाणी हिरवं झालं म्हणून माळ्याने पंप लावून सगळा पूल उपसला. सकाळी खोल बाजूचा काठ वीतभर वर. कोपऱ्यात टाइल्स सालपटासारख्या उठलेल्या, पाणी आत सोडणारा इनलेटचा पाइप भिंतीच्या मागे काडकन तुटलेला, आणि फरशीच्या फटीतून गढूळ पाणी आत झिरपतंय. असा हौद परत खाली बसवता येत नाही. तोडावाच लागतो.

म्हणून माझं सांगणं : या मेचा नाद सोडा, पुढचा मे धरा. मधला एक पावसाळा जमिनीला बोलू द्या. जिथे पूल हवाय तिथे जूनच्या आधी आठेक फूट खोल बोअर मारून घ्या. त्यात सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करा. पाइपच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, भोवती खडी भरा, तोंडाला टोपण लावा. दर आठवड्याला पट्टीला खडू लावून आत सोडायची, ओलं किती झालं ते वहीत लिहायचं. ऑक्टोबरपर्यंत. शेजाऱ्याची विहीर असेल तर श्रावणात ती कुठवर भरते, हे त्यालाही विचारा. हा अख्खा उद्योग टाइल्सच्या दोन-चार पेट्यांच्या पैशांत होतो.

पाणी पाच-सहा फुटांखालीच राहिलं तर खुशाल खोदा. दोन-तीन फुटांवर आलं (आणि खाचरात बहुतेक येतंच), तर दोन गोष्टी करायच्या. एक, पूल दोन फूट जमिनीच्या वर काढा. बाहेरून बसायला कट्टा होतो, खोदाई कमी होते आणि पावसाचा चिखल अंगणातून वाहत आत येत नाही. लोकांना हे कमीपणाचं वाटतं, रिसॉर्टसारखा सपाट पूल हवा असतो. कर्जतच्या पावसात मला कट्ट्याचाच पूल आवडतो. दोन, तळाच्या पीसीसीखाली (म्हणजे सळया नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थराखाली) सहा इंच खडीचा थर द्या, त्यातून भोकांचा पाइप काढून ओहोळाच्या उताराला सोडा. उतार नसेल तर बाजूला एक छोटी विहीर करून तिच्यात उपसा पंप ठेवा. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्हही बसवून घ्या. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि पाणी आत घेतो. आणि हे सगळं केल्यावरही जूनपासून दिवाळीपर्यंत पूल रिकामा करायचा नाही, हे राखणदाराला दहादा बजावा.

भरावाचा मुद्दा वेगळा आहे. चार वर्षांचा असो की दहा, मुरमाच्या भरावावर हौद बसवायचा नाही. मूळ कठीण थर लागेपर्यंत खाली जायचं.

सहा फूट खोली कशाला हवी? सूर मारायला सहा फूट अपुरी पडते आणि पोरांना उभं राहायला जास्त होते, म्हणजे कोणाच्याच कामाची नाही. तीन ते साडेचार फूट करा. तुमच्या मापात साधारण ३९ हजार लिटर पाणी मावेल, माझ्या मापात साडेतीस. तेवढं पाणी कमी भरायचं, कमी फिरवायचं, आणि खोदाईही दीड फुटाने वाचली.

आंब्याखालून मात्र हलाच. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर झडतो तेव्हा तो पिवळसर भुसा पाण्यावर असा पसरतो की स्किमरची, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, टोपली तासात भरते. मुळं आहेत, चिकट कैऱ्या आहेत, वर कावळे आहेत. सावली हवी तर पश्चिमेला एखादा मांडव घाला. दुपारी तीननंतरचं ऊन तेवढं अडलं की पुरे. वारा तुमच्याकडे बहुतेक पश्चिमेचा, तेव्हा स्किमर पूर्वेच्या भिंतीत ठेवा, पाला आपोआप तिकडे जातो. काठाला काळा कडप्पा नको, मेमध्ये पाय भाजतात. खडबडीत शहाबादी चांगली.

पंचेचाळीस दिवस? काँक्रीट एम-३० या ताकदीच्या श्रेणीखालचं नको, पाणी साठवणाऱ्या बांधकामाच्या आयएस ३३७० या भारतीय मानकात तेवढं सांगितलेलंच आहे. त्याचं क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं), मग वॉटरप्रूफिंगच्या आधी हौद काठोकाठ भरून सात दिवस पातळी बघणं, मग लेप, मग टाइल्स, मग टाइल्सच्या फटींत भरलेलं ग्राउट सुकणं. घाई करणारा ठेकेदार नेमके ते सात दिवस खातो. दिवाळीनंतर सुरू केलंत तर मार्चमध्ये निवांत होईल.

आता धाकटा. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही, मुकाट्याने खाली जातं. पूलभोवती चारही बाजूंनी निदान चार फुटांचं कुंपण हवं, ज्यावर पाय देऊन चढता येणार नाही असं उभ्या गजांचं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी वरती. घराची भिंत चौथी बाजू धरू नका, मूल घरातूनच तर येतं. तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन ठेवा, एकमेकांपासून तीन फूट तरी लांब आणि घुमटाकार जाळीची. एकच तोंड असलं तर पाठ किंवा केस चिकटून मूल खालीच अडकतं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच). इथे काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, काम सोडते.

शेवटचा प्रश्न मी तुम्हाला विचारते : सोमवार ते शुक्रवार पूलकडे कोण बघणार? पंप रोज सहा-आठ तास चालला पाहिजे. एक अश्वशक्तीचा धरला तर महिन्याला दोनशे-अडीचशे युनिट होतात. क्लोरिन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८, हे बघणारा माणूस गावात मिळत असेल तरच बांधा. नाहीतर दर शनिवारी तुम्ही डासांच्या अळ्यांना भेटायला जाल. त्या माणसाला एक ताकीद द्या : क्लोरिनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापाने कधीही नाही. एकत्र आली की पेट घेतात.

प्रश्न : मग आरसीसीच्या भानगडीत न पडता तयार फायबरचा पूल आणून बसवला तर?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : काम लवकर होतं, गळतीही कमी. पण वरचं तीस टनांचं गणित वाचलंत ना? फायबरचं कवच त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणजे रिकामं असताना ते आणखी लवकर तरंगतं. खडीचा थर आणि उपसा तुम्हालाही चुकत नाही. शिवाय एवढं मोठं कवच ट्रकवरून उतरवायला क्रेन लागते. तुमच्या प्लॉटपर्यंतचा रस्ता आणि वरच्या विजेच्या तारा आधी बघून या.

प्रश्न : नाशिकला आमच्या बंगल्यातल्या पूलचं पाणी रोज कमी होतं. गळतंय की उन्हाने उडतंय, कसं ओळखायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बादली भरून पूलच्या पायरीवर अशी ठेवा, की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत येईल. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. पंप बंद ठेवून चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखंच उतरलं तर ऊन. पूल जास्त उतरला तर गळती. मग पंप चालू ठेवून हेच पुन्हा करा. पंप चालू असतानाच फरक वाढत असेल तर हौद फोडायला बोलावू नका, पाइप तपासायला बोलवा.