न घेतलेल्या क्रेडिट कार्डाचं बिल आलंय? एक रुपयाही भरू नका

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा प्रश्न आलाय. छाटणीच्या खर्चासाठी कर्ज मागायला बँकेत गेले, तर साहेबांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट, काढून दाखवलं, नावावर एक क्रेडिट कार्ड, ८४ हजार थकलेत. यांनी आयुष्यात क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही. रिपोर्टात पत्ता पुण्याचा, मोबाईल नंबरही यांचा नाही. आता वसुलीवाला रोज फोन करतोय, ४० हजार भरा, मिटवून टाकतो. घरचे म्हणतायत भरून मोकळं व्हा, बागेचं काम तरी अडणार नाही. मागच्या वर्षी हप्त्यावर मोबाईल घेताना आधार-पॅनची झेरॉक्स दिलेली, तिथूनच गेलं असणार असा त्यांना संशय आहे.

दादा, छाटणी तोंडावर आल्यावर माणूस काय करेल ते मला कळतं, पण एक रुपयासुद्धा भरू नका. तुम्ही थोडे पैसे भरलेत की उद्या बँक कोर्टात म्हणणार, कर्ज यांचं नव्हतं तर भरले कशाला? दावा लावायची मुदत ठरवणाऱ्या कायद्यातसुद्धा असा भरणा बँकेच्याच कामाला येतो. आणि मिटवूनही सिबिल सुधारत नाही, त्यावर 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलं, असा शेरा बसतो आणि तो बघून पुढची बँक परत नाहीच म्हणते. म्हणजे ४० हजार जाणार आणि कर्जही मिळणार नाही. वसुलीवाल्याला एवढंच सांगा, कार्ड माझं नाही, जे काय आहे ते लेखी पाठवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला त्याला परवानगीच नाही, तसे फोन आले तर तारीख-वेळ लिहून ठेवा.

आता कार्ड देणाऱ्या बँकेला पत्र, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही. पत्रात रडगाणं नको, कागद मागा: कार्डाचा अर्ज, त्यावरचा फोटो आणि सही, केवायसीला (ओळख पटवायला) काय लावलं, व्हिडिओ केवायसी असेल तर रेकॉर्डिंग, कार्ड कुणी सही करून घेतलं ती कुरिअरची पावती, आणि कुठल्या मोबाईलवर ओटीपी गेला. माझ्याकडं अशीच एक केस आलेली, पक्षकार आयुष्यभर मराठीत सही करणारा, नावातला र जरा लांब ओढायचा, आणि अर्जावर सही झोकदार इंग्रजीत. तो कागद पुढं ठेवल्यावर बँकेचा सगळा सूर बदलला. तुमची संमतीच नाही तर करार कसला, आणि संमती होती हे दाखवायचं काम बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डांच्या निर्देशांत तर असं आहे की न मागता दिलेल्या कार्डाचा गैरवापर झाला तर नुकसान कार्ड देणाऱ्याचं, आणि बिल लावलं असेल तर ते उलटवून वर त्याच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला द्यायची. बँक म्हणेल, अर्ज आलाय की, मग न मागता कसं? म्हणूनच तो अर्ज हातात यायला पाहिजे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, वकीलही लागत नाही.

त्याच आठवड्यात पोलिसात जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा आणि एफआयआरचा आग्रह धरा, आयटी कायद्याचं कलम ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं) लागतं, दोन्हीत ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पत्ता पुण्याचा म्हणून तिकडं जा असं कुणी सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची एफआयआर, मागा, कुठल्याही ठाण्याला ती घ्यावी लागते. नाहीच घेतली तर सांगलीला एसपी साहेबांच्या नावानं तक्रार पोस्टानं पाठवा. आणि मोबाईल दुकानदाराचं नाव आरोपी म्हणून टाकू नका हं, पुरावा नाही अजून. झेरॉक्स कधी, कुठं, कशासाठी दिली एवढंच खरं खरं लिहा.

सिबिलच्या साइटवर त्या खात्याला डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाका, फुकट आहे. ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढं रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या बाकीच्या तीन कंपन्यांचे, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्कचे रिपोर्टही बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतात, कारण एक कार्ड निघालंय तर दुसरं कर्जही असू शकतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावानं किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या.

तुमचं स्वतःचं एटीएम कार्ड सुरक्षित कसं ठेवायचं, तेही तुम्ही विचारलंय. बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद करा, लागतील तेव्हा चालू करता येतात. न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर त्याच दिवशी बँकेला कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं चूक तुमची नसेल आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि झेरॉक्स देताना मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार द्या, त्यावर आडवं लिहा, फक्त अमुक कामासाठी, तारीख, सही.

कर्जाच्या साहेबांना एफआयआरची कॉपी आणि डिस्प्यूटचा नंबर देऊन पोच घ्या, म्हणजे तुमची फाईल नाकारण्याऐवजी थांबवून ठेवता येते का ते त्यांना विचारता येईल. कार्डाच्या बँकेकडून तो अर्ज आला की त्याची प्रत घेऊन या, सही बघून नोटिशीत काय लिहायचं ते ठरवू.