नाताळाला माहेरी न जाणारी लेक

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून माझे माहेर वसईतील एका बागायतदार कॅथलिक कुटुंबात आहे. लग्नानंतर मी पतीबरोबर पुण्यातील एका लहान प्रोटेस्टंट मंडळीत जाऊ लागले. ख्रिस्तजन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही आणि तो दिवस साजरा करण्याची आज्ञाही नाही, म्हणून आमची मंडळी नाताळ पाळत नाही. सुरुवातीला मला हे पटले नव्हते. पुष्कळ वाचन आणि प्रार्थना केल्यानंतर पाच वर्षांपूर्वी मी स्वतःच्या विचाराने नाताळ साजरा करणे थांबवले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. पहिली दोन वर्षे माहेरी वाद झाले. मी भावाला बायबलमधली वचने काढून दाखवली, तो चिडला, आई रडली. पुढे आई डिसेंबर लागला की फोनवर एवढेच विचारी, "येतेस का?" आणि मी नाही म्हणे. गेल्या वर्षी तिने विचारलेच नाही. २४ तारखेच्या रात्री भावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचा आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या उपासनेला, निघालेल्या सगळ्यांचा फोटो टाकला. समोरच्या इमारतीत ख्रिस्ती नसलेल्या घरांतही तारे लागले होते. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आठ वर्षांची मुलगी आता विचारू लागली आहे, "आपण मामाकडे का जात नाही?" माझा निर्णय बरोबर असेल, तर मला इतके एकटे का वाटते?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात एक गृहीतक आहे आणि मला वाटते, तुमचे बरेचसे दुःख त्यातूनच आले आहे. निर्णय बरोबर असला तर त्रास होणार नाही आणि त्रास होत असला तर निर्णयात काही तरी चुकले असावे, असे तुम्ही धरून चालला आहात. पाच वर्षे तुम्ही हे रडणे बहुधा पतीपासून आणि मंडळीपासूनही लपवत आला असाल, कारण ते कोणाला दिसले तर तुमची श्रद्धा डळमळीत झाली असा अर्थ निघेल, अशी तुम्हाला भीती वाटत असावी. माझ्या मते त्या रडण्याचा श्रद्धेशी संबंध नाही. तुम्हाला आई आठवत होती.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातील तुमचे माहेरचे स्वयंपाकघर आठवून पाहा. कुलकुल हा नाताळाचा गोड पदार्थ करायचा म्हणजे पिठाची एकेक लहान गोळी काट्यावर किंवा फणीवर दाबून वळवायची. एकट्या बाईने करायचे ते काम नव्हे. आई, वहिनी, मावश्या, शेजारणी तासन्‌तास एकत्र बसतात, हात कामात असतात आणि तोंडाने वर्षभराचे बोलणे चाललेले असते. कोणाची सोयरीक जमली, कोणाच्या गुडघ्याचे दुखणे वाढले, कोणाचे कोणाशी बिनसले, हे फोनवर कोणी मुद्दाम सांगत नाही. ते अशा बैठकीतच कळते. सण हे काम गुपचूप करत असतो. कोणी कोणाला बोलावले नाही तरी माणसे आपोआप एका छपराखाली येतात. ज्याने विचारपूर्वक सण सोडला, त्याला हे माणसे जोडण्याचे काम स्वतःच्या हाताने करावे लागते. तुम्ही धार्मिक बाजूचा सखोल विचार केलात, पण या दुसऱ्या कामाची जागा गेली पाच वर्षे रिकामीच राहिली, असे तुमचे पत्र वाचून वाटते. मंडळीतल्या कोणीही तुम्हाला हे सांगितले नसेल, तर मला त्याचे वाईट वाटते, कारण हा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला हवे.

आईने विचारले नाही, याचा अर्थ तिने तुम्हाला मनातून वगळले, असा तुम्ही लावला आहे. तिच्या बाजूने पाहिले, तर लेकीने दर वर्षी एका शब्दात नकार दिला आणि अखेर आपण विचारून तिला अवघडून टाकू नये असे आईला वाटले, हेही तितकेच शक्य आहे. खरे काय ते तिलाच विचारावे लागेल. या वर्षी पहिला फोन तुम्ही करा, आणि तोही डिसेंबरची वाट न पाहता.

एक गोष्ट तुमच्या मनाच्या बळासाठी सांगते. नाताळ न पाळणारी तुम्ही पहिली ख्रिस्ती व्यक्ती नाही. इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली हा सण रद्द ठरवला होता आणि त्याविरुद्ध कँटरबरीत दंगलही झाली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंडाची तरतूद होती. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. १८२९ साली मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन, ज्यांचे नाव आजही विल्सन महाविद्यालयाला आहे, ते स्कॉटलंडच्या याच प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका शाखेच्या, परंपरेतले होते. म्हणजे तुमची भूमिका विक्षिप्त नाही, तिला मोठा इतिहास आहे. मात्र हा इतिहास आईसमोर मांडू नका. तारखेचा वाद तुम्ही जिंकलात तरी तिच्या हाती काय लागणार? २४ तारखेची रात्र तिच्यासाठी आपली सगळी मुले एकत्र दिसण्याची रात्र आहे, आणि त्या मोजणीत एक लेक कमी भरते, एवढेच तिचे दुःख आहे.

म्हणून तिच्याशी बोलताना बायबलचे वचन काढू नका. "आई, मला मिस्सेला येता येणार नाही, पण मला तुझ्याकडे राहायला यायचे आहे," एवढे एक वाक्य पुरे आहे. मग चार दिवस ठरवा आणि ते दर वर्षी तेच ठेवा. पावसाळ्यातले असोत, मुलीच्या उन्हाळी सुटीतले असोत किंवा जानेवारीत सणाची गडबड ओसरल्यावरचे असोत. घरच्यांनी त्या दिवसांची वाट पाहू लागावे, इतके ते पक्के असावेत. तिथे पाहुणीसारखे बसू नका, वाडीत आणि स्वयंपाकघरात हात लावा. भावाला वेगळे भेटा आणि त्या दोन वर्षांतल्या बोलण्यातले जे कठोर होते, त्याबद्दल क्षमा मागा. क्षमा मागितल्याने तुमची भूमिका मागे घेतली जात नाही. आणि त्याने गोठ्याचा फोटो पाठवला, तर गप्प राहण्याऐवजी फोटोतल्या माणसांची चौकशी करा. आईची साडी नवी आहे का, पुतण्या किती उंच झाला, एवढे लिहायला कोणाच्याही विवेकबुद्धीची आडकाठी नसावी.

समोरच्या इमारतीतील ताऱ्यांचे फार मनावर घेऊ नका. माहेरचे तुटलेपण कमी झाले की ते आपोआप कमी बोचतील.

मुलीच्या प्रश्नाला मात्र उत्तर टाळू नका. "मामा येशूचा जन्मदिवस पाळतो, आपण पाळत नाही, पण मामा आपला आहे," हे आठ वर्षांच्या मुलीला समजते. मामा चुकतो, असे तिच्यासमोर म्हणू नका आणि पतीनेही म्हणू नये. हे दोघांनी आधी बसून ठरवा. शाळेच्या नाटकात भाग घ्यावा की नाही, मामाने दिलेला खाऊ आणि खेळणे घ्यावे की नाही, हेही आत्ताच ठरवा, म्हणजे ऐन वेळी तिच्या हातातून काही काढून घेण्याची पाळी येणार नाही. आणि माहेरी जाण्याचे चार दिवस पक्के झाले, की ते आजीला फोनवर तिलाच सांगू द्या.