तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : "रगत ली गयात, पन काय निंघनं?"

प्रश्न : ताई मी शिरपूरची, एमएस्सी मायक्रो झालं, आता इंग्लंडमधे ग्लोबल हेल्थच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय. रिसर्च प्रोजेक्टसाठी दहा आठवडे केनियात किसुमूला पाठवणारेत, सिकलसेलवर, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजारावर. मामा म्हणतात, नंदुरबारात सिकलसेलचे पेशंट संपले का म्हणून आफ्रिकेत चालली? मला उत्तरच सुचत नाही. तुम्ही जाऊन आल्या ना, तिथं नेमकं करतात काय?

उत्तर : मामांचा प्रश्न बरोबरे, आधी ते मान्य कर. मला हाच प्रश्न पारोळ्याच्या आत्याने भर पंगतीत विचारला होता, हातात वरणाची बादली घेऊन, आणि मी काहीतरी इंग्रजी शब्द फेकून वेळ मारून नेली, त्याची आजही लाज वाटते.

मामांना सांगायचं तर असं सांग. सिकलसेल आणि मलेरिया यांचं जुनं नातंय. आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा जीन आला तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हे दाखवलं अँथनी ॲलिसनने १९५४ ला, आणि तो केनियातच वाढलेला. म्हणून जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया तिथं हा जीन टिकला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पण आणि आपल्या सातपुड्यात पण. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणाला आजारी बाळ होण्याची शक्यता २५ टक्के, मग ते धडगाव असो की किसुमू. तिकडं जे शिकशील ते इकडं चालतं.

पण एक कडू गोष्ट पण ऐक. हा ग्लोबल हेल्थचा विषय जन्मालाच आला साम्राज्याच्या गरजेतून. लिव्हरपूलची ट्रॉपिकल मेडिसिनची शाळा १८९८ ची, लंडनची १८९९ ची, वसाहतीतले गोरे अंमलदार आणि व्यापारी तापाने मरत होते म्हणून काढलेल्या. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो १८९७ ला सिकंदराबादेत, नंतर शिकवायला गेला लिव्हरपूलला, १९०२ ला नोबेल. म्हणजे डास आपला, ताप आपला, आणि शाळा तिकडं. आता नाव बदललं, भाषा गोड झाली, पण रक्ताचे नमुने गरीब देशातून वर आणि संशोधनाचे पेपर वरून खाली ही सवय पूर्ण गेलेली नाही, तू डोळे उघडे ठेव.

काम म्हणशील तर पहिले तीन आठवडे मी रक्ताचा थेंबसुद्धा पाहिला नाही. परवानग्या! युनिव्हर्सिटीची एथिक्स कमिटी वेगळी, केनियाची वेगळी, वर तिथलं सरकारी रिसर्च लायसन्स, आणि आमच्या ऑफिसने एक फॉर्म चुकीच्या डब्यात टाकला त्यात आठ दिवस गेले. मग संमतीपत्राचं भाषांतर, इंग्रजीतून लुओत, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत, आणि लुओतून परत इंग्रजीत दुसऱ्या माणसाकडून, अर्थ तोच राहिला का बघायला. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा, शेजारी साक्षीदार. त्यानंतर कुठं बाळाच्या टाचेला टोचून फिल्टर पेपरवर थेंब घ्यायचे, कार्ड वाळवायचं, लॅबला पाठवायचं. बाकी सगळं चालणं. गावातली आरोग्य स्वयंसेविका पुढे, आपण मागे, आणि खरी रिसर्चर तीच असते, तिला माहीत असतं कोणत्या घरी लेकरू सारखं आजारी पडतं आणि कोणत्या घरी सासूला आधी विचारावं लागतं. आपल्या आशाताईच म्हण ना.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. एका घरी म्हातारीने बाळाला पदराआड केलं. दुभाष्याने सांगितलं, ती म्हणते मागच्या वेळी पण माणसं आली, रक्त नेलं, कागद कुठंय? मी उभी ती उभीच. कारण जायच्या आधी साक्री तालुक्यात एका कॅम्पला मी मदतनीस होते, तिथं एक मावशी अगदी हेच बोलली होती, "रगत ली गयात, पन काय निंघनं ते कोनी सांगं नही." तेव्हा मी हसून पुढं गेले होते, माझी तर नोंदवही भरायची होती.

किसुमूच्या प्रोजेक्टमधे निदान शेवटी बराझा झाला, म्हणजे गावाची बैठक, झाडाखाली. एकूण काय सापडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ज्याचा त्याचा रिपोर्ट मात्र घरी जाऊन बंद पाकिटात दिला, कारण वाहक निघाली म्हणून पोरीचं लग्न मोडायची भीती तिथं पण आहे. म्हातारीला तिचा कागद मिळाला. ती थँक्यू वगैरे काही म्हणाली नाही, घडी करून ब्लाउजमधे ठेवला.

म्हणून तुझ्या गाइडला जायच्या आधी एवढंच विचार, रिपोर्ट घरी परत कोण नेणार आणि त्याचे पैसे बजेटमधे आहेत का. गडबडला तर समजून घे.

प्रश्न : मुलगा कॉलेजकडून महिनाभर युगांडाला जातोय. आम्ही रावेरचे, केळीवाले, बाहेरचं काही माहीत नाही. कुठली लस लागते? खायचं काय?

उत्तर : काका, पिवळ्या तापाची लस पहिली, निघायच्या निदान दहा दिवस आधी, कारण सर्टिफिकेट दहा दिवसांनंतरच लागू होतं, नंतर जन्मभर चालतं. ही गावच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच, मुंबईचा फेरा धरून चला. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. येताना ते कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे टाकतात. उगाच नाही, आपल्याकडे पिवळा ताप नाही पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच, आणि सरोवरात पाय बुडवू नको म्हणा, गोगलगायींमुळे पाण्यात बिलहार्झिया, म्हणजे कातडीतून शिरणाऱ्या जंतांचा आजार, असतो.

खाण्याची काळजी नको, तिकडं केळी तुमच्यापेक्षा जास्त खातात, कच्ची शिजवून ठेचून, नाव मटोके. पोराने फोटो पाठवला की तुम्हीच म्हणाल, आपल्या मालाची काय ही गत!

प्रश्न : बाप रेल्वेत खलाशी, भुसावळ. पैशाशिवाय परदेशी शिक्षण शक्य आहे का?

उत्तर : आहे. चेव्हनिंग म्हणजे ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, तिला २,८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं देशात परत यावं लागतं. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती पण बघ. आपल्या राज्य सरकारच्या एससी, एसटी, ओबीसी मुलांसाठी परदेश शिष्यवृत्त्या आहेत, अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाच, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, तहसीलला ऐन वेळी सर्व्हर डाऊन असतं. आणि इंग्लंडचा सहा महिन्यांपेक्षा मोठा व्हिसा असेल तर टीबीची तपासणी द्यावी लागते, छातीचा एक्सरे. मी टीबीसारखे आजार शिकायलाच निघाले होते, आधी मलाच "श्वास धरा" म्हणाले.