जर्मन वाचताना क्रियापदाची वाट बघ

तू प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडतोयस, तिथेच दमतोयस. आधी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाच. जर्मनमध्ये क्रियापदाचा तुकडा अनेकदा शेवटी जाऊन बसतो. ‘एर ह्योर्ट मिट डेर आर्बाइट आउफ’ हे बघ. ‘ह्योर्ट’पाशी थांबलास तर ‘तो ऐकतो’ वाटेल. शेवटचा ‘आउफ’ जोडला की अर्थ होतो ‘तो काम थांबवतो’. शब्दकोशात शोधायचं ते ‘आउफह्योरेन’. मला हे उमगायला फार वेळ लागला, म्हणून आवर्जून सांगतोय. ‘वाइल’ (कारण), ‘डास’ (की) यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यांत तर क्रियापद शेवटीच येतं. आपण मराठी माणसं, आपल्याला त्याची सवय आहेच!

लांबलचक शब्द शेवटून फोड. ‘हांडशू’ म्हणजे हाताचा बूट, अर्थात हातमोजा. लिंगही शेवटच्या तुकड्याचंच लागतं.

वाचायला काय घ्यायचं? डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घे, सोबत मजकूरही मिळतो. रोज एकच बातमी, पण दोनदा: पहिल्यांदा शब्दकोशाशिवाय, दुसऱ्यांदा फक्त अडलेल्या चार-पाच शब्दांसाठी. नाम लिहून ठेवताना त्याचं लिंग दाखवणारं ‘डेर, डी, डास’ यांपैकी जे असेल ते सोबत लिहायला विसरू नकोस.