मुंबई सिटीच्या पहिल्या चार-पाच मॅच बघून सीझनचा अंदाज येतो का?

तुम्ही ठाण्यात राहता, मुंबई सिटी एफसी ही फुटबॉल टीम नुकतीच बघायला लागलात आणि विचारताय की सुरुवातीच्या चार-पाच मॅचवरून टीमचं पुढे काय होणार हे कळतं का. शिवाय अंधेरीला मॅचला जावं की आधी टीम रुळावर येईपर्यंत थांबावं, असाही उपप्रश्न आहे.

पॉइंट टेबल बघून कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. गोल किती खाल्ले आणि कसे खाल्ले हे बघितलं तर थोडंफार कळतं. तेही दरवेळी नाही.

मी 2014 पासून, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या सीझनपासून बघतोय. तेव्हा घरच्या मॅच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये व्हायच्या, त्यामुळे आपल्याला ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की काम व्हायचं. 12 ऑक्टोबरला कोलकात्यात लीगचीच पहिली मॅच होती, ती आपण 3-0 ने हरलो. सहा दिवसांनी नेरूळला पुण्याच्या टीमला 5-0 ने धुतलं. आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली, आयएसएलमधली पहिलीवहिली. त्या रात्री परतीच्या डब्यात असा गोंधळ होता की जणू ट्रॉफी ठाण्यालाच चाललीय. सीझन संपला तेव्हा आठ टीममध्ये आपण सातवे होतो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र 2020-21 आणि 2021-22 हे दोन सीझन शेजारी ठेवले की मिळतं.

2020-21 मध्ये सर्जिओ लोबेरा नवीन कोच होता. कोविडमुळे सगळ्या मॅच गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. पहिलीच मॅच नॉर्थईस्टशी. अहमद जाहूला पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पेनल्टी, आणि 0-1 ने पराभव. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये क्लबचा मोठा हिस्सा घेतल्यानंतरचा हा पहिला पूर्ण सीझन, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी त्याच रात्री श्रद्धांजल्या वाहिल्या. पुढच्या तीन मॅच: गोव्यावर 1-0, ईस्ट बंगालवर 3-0, ओडिशावर 2-0. चार मॅचमध्ये खाल्लेला गोल एकच, आणि तोही दहा जणांनी खेळताना पेनल्टीवर. म्हणजे खुल्या खेळात कोणी आपल्याला फोडलेलंच नव्हतं. त्या सीझनला आपण लीग शील्ड (टेबलवर पहिल्या नंबरची ट्रॉफी) जिंकली, आणि प्लेऑफ म्हणजे बाद फेरीनंतर मार्च 2021 च्या फायनलमध्ये एटीके मोहन बागानला 2-1 ने हरवून कपही आणला. बिपिन सिंगचा तो नव्वदाव्या मिनिटाचा गोल यूट्यूबवर मिळेल, आधी तो बघा आणि मग पुढचं वाचा.

आता 2021-22. लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला. पहिल्या सहापैकी पाच मॅच जिंकल्या. गोव्याला 3-0, मोहन बागानला चक्क 5-1, बंगळुरूला 3-1, जमशेदपूरला 4-2, चेन्नईला 1-0. मध्ये एकदा हैदराबादकडून 1-3 हरलो, पण तिकडे कोण लक्ष देतंय! टेबलवर आपण टॉपला, सगळीकडे एकच चर्चा की यंदा कोणी जवळही येणार नाही.

त्या सहा मॅचचे खाल्लेले गोल मोजा. सात होतात. सहापैकी चार मॅचमध्ये गोल खाल्ला. समोरच्याला पाच मारले की एक खाल्लेला कोणाला टोचत नाही, पण जिंकत असतानाही दार उघडंच राहत होतं. कारणही समोर होतं: गोलकीपर अमरिंदर सिंग आणि मिडफिल्डमधला ह्यूगो बूमू दोघेही मोहन बागानला गेले होते, स्ट्रायकर ओगबेचे हैदराबादला. आपल्याकडे गोल मारणारे नवे मिळाले, मागचं मात्र तितकं पटकन जुळलं नाही. मग केरळने 3-0 ने हाणलं, नॉर्थईस्टशी 3-3, ओडिशाकडून 2-4, आणि बरेच दिवस विजयच नाही. शेवटी पाचवे. प्लेऑफला जात होते फक्त चार. केरळ 34 पॉइंटवर चौथं, आपण 31 वर घरी. तिकडे ओगबेचेने हैदराबादसाठी 18 गोल मारले आणि त्या टीमने कपही जिंकला. हे दुःख अजून जात नाही, जाऊ दे.

गंमत अशी की पुढच्याच सीझनपासून प्लेऑफला सहा टीम जायला लागल्या. तोच नियम एक वर्ष आधी असता तर आपण आत होतो.

म्हणून मी सुरुवातीला नेहमी मागची बाजू बघतो. गोलकीपर आणि दोन सेंटर बॅक मागच्या वर्षीचेच आहेत का? गोल कॉर्नरवर पडतायत, की मधून सरळ पास देऊन कोणीही घुसतंय? सत्तराव्या मिनिटानंतर मिडफिल्डर मागे पळत येतायत का? रेड कार्ड, पेनल्टी, स्वतःच्याच गोलमध्ये लागलेला बॉल हे मी हिशेबात धरत नाही.

लगेच कोणीतरी कमेंटमध्ये 2022-23 काढेल, म्हणून मीच काढतो. त्या वर्षी पहिलीच मॅच हैदराबादशी 3-3, म्हणजे माझ्या फूटपट्टीने धोक्याची घंटा. पण तो सीझन आपल्या इतिहासातला सगळ्यात देखणा निघाला. लीगमध्ये सलग 18 मॅच अपराजित, 20 मॅचमध्ये 46 पॉइंट, शील्ड. आपला विंगर छांगटेला गोल्डन बॉल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. गोल खाल्ले तर चार मारायचे, असा सरळ हिशेब चालला होता. अर्थात सेमीफायनलला बंगळुरूने पेनल्टीवर बाहेर काढलंच.

सुरुवातीच्या मॅच फसव्या असण्याची कारणं आपल्या लीगमध्ये युरोपपेक्षा जास्त आहेत. काही परदेशी खेळाडू उशिरा येतात, ड्युरँड कपमध्ये बऱ्याचदा अर्धीमुर्धी टीम खेळते, आणि राष्ट्रीय संघांच्या मॅचसाठी लीग मध्येच थांबते. लय लागली की ब्रेक. त्यात अंधेरीतला ऑक्टोबर. संध्याकाळी साडेसातलाही घामाने शर्ट पिळून काढावा अशी हवा, त्यात स्पेनहून उतरलेल्या माणसाने नव्वद मिनिटं प्रेसिंग करावं अशी अपेक्षा.

2023 मध्ये त्यात आशियाई चॅम्पियन्स लीगची भर पडली. रियाधपासून उझबेकिस्तानपर्यंत प्रवास आणि सहाच्या सहा मॅच हरलो. सौदीच्या अल हिलालविरुद्धची घरची मॅच 6 नोव्हेंबरला नेरूळला होती. अर्ध्या ठाण्याने त्यांच्या नेमारसाठी तिकिटं काढली होती आणि तो आधीच्याच महिन्यात ब्राझीलकडून खेळताना जायबंदी झाला. आपण 0-2 हरलो. थोड्याच दिवसांत बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेला आणि पेत्र क्रात्की आला. अशी सुरुवात बघून त्या सीझनवर कोणी पैसे लावले नसते. मे 2024 मध्ये कोलकात्यात, मोहन बागानच्याच मैदानावर त्यांना 3-1 ने हरवून आपण कप घेतला.

उलटी बाजू 2024-25 ची. पहिल्या तीन मॅचमध्ये विजय नाही: कोलकात्यात 2-2, जमशेदपूरला 2-3, घरी बंगळुरूशी 0-0. इथे मात्र सुरुवात खोटं बोलत नव्हती, कारण उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानला आणि नोगुएरा, भेके, परेरा दियाझ असे तिघे बंगळुरूला गेले होते. कशीबशी सहावी जागा मिळाली आणि प्लेऑफमध्ये त्याच बंगळुरूने 5-0 ने उडवलं. तेव्हा निकालाआधी कोण गेलं त्याची यादी वाचत जा, ती सीझनआधीच तयार असते.

राहिला उपप्रश्न. जा, आणि सुरुवातीलाच जा. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल छोटं आहे, त्यामुळे छांगटे साइडलाइनने सुटला की त्याचा वेग टीव्हीवर दिसतो त्याच्या दुप्पट वाटतो. गाडी काढू नका, वीरा देसाई रोडवर पार्किंग शोधण्यात पहिला हाफ जाईल. ठाण्याहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, पुढे चालत. साडेसातची मॅच साडेनऊच्या सुमारास संपते, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बसलात तरी त्याच वाटेने आरामात परत येता येतं. इंज्युरी टाइममध्ये उठून गेटकडे पळणारे ठाणेकर दर मॅचला दिसतात, त्यांच्यात जाऊ नका.