फॉर्मवर पुण्याची नोकरी लिहू की नको?

प्रश्न : मी व्हर्जिनियात संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदार कंपनीत आहे. अमेरिकन नागरिक, टॉप सीक्रेट क्लिअरन्स (सरकारी गुपितं हाताळायची परवानगी). दीड वर्षापासून पुण्यातल्या मावसभावाच्या सॉफ्टवेअर कंपनीचंही काम करतो, पगार पुण्यातल्या खात्यात जमा होतो. घरून काम असतं त्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांची मीटिंग असते. ऑफिसात कुणाला माहीत नाही. आता क्लिअरन्ससाठीचा माहितीचा फॉर्म, एसएफ-८६, पुन्हा भरायचा आहे. काम सोडून दिलं आणि लिहिलंच नाही तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पण सही करण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, अजून बरंच काही तुमच्या हातात आहे.

त्या फॉर्मला गेल्या १० वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या हव्या असतात. पूर्णवेळ, अर्धवेळ, स्वतःचा धंदासुद्धा. आज राजीनामा दिलात तरी ते दीड वर्ष लिहावंच लागेल. मुद्दाम गाळलंत तर तो फेडरल गुन्हा होतो, शिक्षा ५ वर्षांपर्यंत.

दोन नोकऱ्या करणं हा काही गुन्हा नव्हे. तुमची अडचण अशी की दुसरी कंपनी परदेशी आहे. मावसभाऊ घरचा असला तरी कंपनी परदेशीच. क्लिअरन्ससाठी २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत गाइडलाइन एल (बाहेरची कामं) नेमकी अशा कामांसाठी आहे. शिवाय टॉप सीक्रेटवाल्यांनी परदेशी धंद्यातला सहभाग आणि परदेशी बँक खातं आपणहून कळवायचं असतं. तो उशीर झालाच आहे. मात्र त्याच निकषांतल्या गाइडलाइन ईमध्ये (वैयक्तिक वर्तन) एक सवलत आहे : कुणी जाब विचारायच्या आत स्वतःहून, ताबडतोब चूक दुरुस्त केली तर ती तुमच्या बाजूने धरली जाते. तपासनीसाने कागद समोर ठेवले की ही वाट बंद.

मला खरी काळजी वाटते ती साडेआठच्या मीटिंगची. अशा एका दिवसाचं टाइमशीट काढून बघा. सरकारी कंत्राटावर पूर्ण ८ तास लावलेत आणि त्यातला पाऊण तास पुण्याच्या कॉलवर होतात, तर त्या पाऊण तासाचे पैसे सरकारने मोजलेत. असे महिनोन् महिने झाले असतील तर प्रश्न क्लिअरन्सपुरता उरत नाही, खोट्या बिलाचा होतो.

म्हणून एफएसओकडे, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे, जायच्या आधी क्लिअरन्सची प्रकरणं चालवणारा वकील गाठा. एफएसओ कितीही भला असला तरी तो कंपनीचा माणूस. त्याला सांगितलेलं तुमच्या दोघांत राहत नाही. मी लपवायला सांगत नाहीये. सगळं सांगायचंच आहे, पण कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत, हे आधी ठरू द्या.

तोवर ती मीटिंग आजच बंद करा. जुनं टाइमशीट स्वतःच्या हाताने बदलू नका, मेल किंवा व्हॉट्सअॅपवरचं काहीही पुसू नका. पुण्याचं नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी, बँकेची स्टेटमेंट्स एकत्र करा. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला द्यायचा फॉर्म) भरलाय का, तेही बघा. वकिलाला भेटाल तेव्हा फॉर्मची मुदत कधी संपते ते सगळ्यात आधी सांगा.